लग्न लावण्याचा अधिकार कोणाचा?

लग्न झाले की नाही, हे कोणी ठरवायचे? महाराष्ट्रातला विवाहविषयक विचार गेली दीडशे वर्षे या प्रश्नाभोवती फिरत आला आहे. भटजी, जातीचे पंच, सासरचे घराणे आणि सरकारी नोंदवही असे या अधिकाराचे अनेक दावेदार होते. ज्यांचे लग्न, त्या दोघांचा क्रमांक फार उशिरा लागला.

पहिला उघड झगडा पौरोहित्यावरून झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीविना पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे १८८७ साली जोतीराव फुले यांनी मराठी मंगलाष्टके आणि पूजाविधी छापून काढले. त्यात वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याचे वचन देतो. लग्न दोन बोलत्या माणसांमधले वचन असते, ही कल्पना मराठीत इतक्या स्पष्टपणे त्याआधी आलेली दिसत नाही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूर गावी बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ साली घरची लग्ने ग्रामजोशांना न बोलावता लावली. जोशांनी वतनी हक्क बुडाला म्हणून दावा लावला. खालच्या कोर्टापासून हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे पाटलांच्या बाजूने निकाल लागला. ज्यांनी पुरोहित बोलावलाच नाही, त्यांच्याकडून दक्षिणा वसूल करता येणार नाही, हे त्यातून ठरले. एका गावच्या शेतकऱ्याने कज्जा लढवून मिळवलेला हा निकाल अनेक मोठ्या ठरावांपेक्षा मोलाचा आहे.

त्याच सुमारास मुंबईत वधूच्या संमतीचा प्रश्न उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेले. न्या. पिन्ही यांनी १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण १८८७ साली न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम सोडला. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. या प्रकरणाने तापलेल्या वातावरणात १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. कायद्याच्या कलमांपेक्षा हा विषय घराघरांत नेला तो रंगभूमीने. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ने (१८९९) पैशासाठी म्हाताऱ्याला दिली जाणारी मुलगी प्रेक्षकांसमोर उभी केली. १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’ चित्रपटातली नीरा त्याच्या पुढे गेली. जरठ नवऱ्याशी फसवून लग्न लावल्यावर ती त्याला नवरा मानायलाच तयार होत नाही. शारदेला वाचवायला दुसरे कोणी यावे लागते, नीरा स्वतः नाही म्हणते. अडतीस वर्षांत विचार किती पुढे आला, हे या दोन नायिकांवरून कळते.

जात आणि धर्म ओलांडणाऱ्यांची वाट अधिक बिकट होती. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करायचे, तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याच धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. धर्म न सोडता लग्न करण्याची मोकळीक हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना १९२३ च्या दुरुस्तीने मिळाली. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१९ सालीच आंतरजातीय विवाहाला कायद्याचे बळ दिले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न केले. १९५४ च्या नव्या विशेष विवाह कायद्याने हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला झाला. लेबनॉनमध्ये अजून असा मार्ग नाही. तिथे अठरा मान्यताप्राप्त पंथ आहेत, लग्नाचे कायदे त्या त्या पंथाचे आहेत, आणि नागरी विवाह करू पाहणारी जोडपी सायप्रसला जातात. त्या तुलनेत १९५४ चा कायदा किती मोठी गोष्ट होती हे ध्यानात येते, जरी त्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस पळून आलेल्या जोडप्यांच्या जिवावर उठू शकते.

विधीचा अधिकार मात्र कायद्यातून गेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात रूढीप्रमाणे विधी हवेत, असे म्हटले आहे. त्याचा फटका १९६५ साली दिसला. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत, म्हणून द्विभार्येचा गुन्हा होत नाही, असे ठरवले. पहिल्या बायकोवरचा अन्याय विधीच्या उणिवेआड लपला. पुढे महाराष्ट्राने १९९८ च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक केली. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांत आता ही नोंद होते. नोंद झाली म्हणजे लग्न झाले असे नव्हे, पण फसवल्या गेलेल्या बाईच्या हातात पुरावा राहतो.

याच शहरात जुन्या दावेदारांपैकी एक, जातपंचायत, सर्वांत उघडपणे समोर आली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज आणि एमआयडीसीच्या कारखान्यांनी महाराष्ट्रभरातून माणसे इथे आणली. कारखान्यात जात फारशी विचारली जात नाही, लग्न ठरवताना मात्र ती पहिली विचारली जाते. पिंपरीच्या भाटनगरात कंजारभाट समाजाची मोठी वस्ती आहे. या समाजात लग्नानंतर पंच नवऱ्या मुलाला सर्वांदेखत नवरीच्या कौमार्याबद्दल विचारत आणि माल खरा की खोटा, या शब्दांत उत्तर घेत. २०१७ साली विवेक तमायचीकर आणि समाजातल्या काही तरुणांनी या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. जानेवारी २०१८ मध्ये भाटनगरातल्या एका लग्नात मोहिमेतल्या तिघांना मारहाण झाली. त्याच वर्षी मे महिन्यात तमायचीकरांनी कौमार्य चाचणी नाकारून पिंपरीतच लग्न केले. लेबनॉनच्या दिग्दर्शिका नादीन लबाकी यांच्या ‘कॅरामेल’ (२००७) या बैरूतमधल्या चित्रपटातही लग्नाला टेकलेली एक मुलगी याच भीतीने शस्त्रक्रियेचा मार्ग धरते. ती तिथे गुपचूप सोसते, भाटनगरात तोच जाच भर बैठकीत चालत असे.

पंचांच्या सत्तेला आता कायदाही आडवा येऊ लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१७ च्या जुलैत अमलात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराण्याची वा समाजाची संमती लागत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्हावार यंत्रणा उभारण्याचे आदेश दिले. २०१९ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानला जाईल, असे जाहीर केले.