कार्थेजची थकबाकी

अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा शौक असलेल्या एका स्नेह्यांनी परवा सहज सांगून टाकले की, कल्पित इतिहासात प्राचीन बंदराचे काम एवढेच, की नायकाने तेथे उतरावे, बाजारात एखादा गूढ म्हातारा भेटावा आणि गलबताने पुन्हा शीड उभारावे. नगर कार्थेज असो की टायर, कथेचे काही अडत नाही. हे बोलणे मला सलत राहिले, कारण नेपथ्य आणि कारण यांत मी नेहमी भेद करीत आलो आहे : नेपथ्य पालटले तरी कथा तीच राहते, कारण पालटले की ती दुसरीच होते.

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरची ‘सालांबो’ (१८६२) ही कादंबरी घ्या. हॅनिबल, आल्प्स, इ. स. पूर्व १४६ ची राखरांगोळी हे सर्वश्रुत आहे. फ्लोबेरने निवडले ते इ. स. पूर्व २४१ नंतरचे भाडोत्री फौजेचे बंड. रोमशी झालेल्या तहाने ३२०० टॅलेंटांची खंडणी डोक्यावर बसली, खजिना रिता पडला, आणि शिपायांच्या थकलेल्या पगारात कार्थेजच्या कारभाऱ्यांनी घासाघीस आरंभिली, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो.

या मेलेल्या, दूरच्या नगराशी आपल्याला कर्तव्य काय, असा सेंत-बव्ह या टीकाकाराचा आक्षेप होता. तो मला निव्वळ आळशीपणाचा वाटतो. कार्थेजची स्वतःची बखर उरलेली नाही. जे आहे ते बहुतेक वैऱ्यांच्या लेखणीचे. (नगर जाळल्यावर तेथील ग्रंथ रोमनांनी आफ्रिकेतील राजांना वाटून टाकले, आणि स्वतःसाठी लॅटिनमध्ये उतरवून घेतला तो मागो या कार्थेजी लेखकाचा २८ खंडांचा शेतकीवरील ग्रंथ! विजेत्याच्या ज्ञानलालसेची याहून सच्ची कैफियत मी वाचलेली नाही.) जेथे दफ्तरच उरले नाही, तेथे कल्पनेने तोंड उघडू नये, हा कुठला न्याय? कादंबरीत देवीचे वस्त्र चोरणारे ज्या जलवाहिनीतून नगरात शिरतात ती प्यूनिक, म्हणजे कार्थेजी, काळातली नसावी, असे फ्लोबेरने सेंत-बव्हलाच पत्रातून कळवले होते. ते मी नेपथ्य म्हणून सोडून देतो.

माझी तक्रार निराळी होती. पगाराच्या जागी त्याने तानित देवीचे पवित्र वस्त्र आणले. ते चोरीला जाते आणि नगराचे दैव फिरते. म्हणजे कारणच पालटले, असे मी लिहिणार होतो. पण कार्थेजचा सरदार हामिल्कार याच्या आगमनाचे प्रकरण आडवे येते. आरमारी गोदीत त्याचे जहाज शिरते. सेनापतिपद तो प्रथम नाकारतो, आणि घरी येऊन काय करतो, तर हिशेब मागतो. जहाजांचा प्रमुख, तांड्यांचा प्रमुख एकेक हजर होतो, कोठारामागून कोठार उघडले जाते. जात्यावरच्या गुलामांच्या तोंडाला, पीठ खाऊ नये म्हणून, मुसकी बांधलेली दिसतात. वस्त्र गेल्याने सारे नगर हवालदिल झालेले असताना हा मात्र नुकसानीची मोजदाद करीत फिरतो, आणि बंडखोरांनी छिन्नविच्छिन्न केलेले आपले हत्ती पाहतो, तेव्हा कुठे सेनापतिपद पत्करतो.

म्हणजे देवीचे वस्त्र हे प्रजेच्या लेखी कारण, आणि वखार हे मालकाच्या लेखी. बंदराची कोठारे, जी मी नेपथ्यात जमा केली असती, त्यांनीच येथे युद्ध चालवले. माझा लाडका भेद या एका प्रकरणापुढे तरी टिकत नाही. मात्र एक खटकते ते खटकतेच : त्या साऱ्या हिशेबात शिपायांच्या पगाराची बाकी कोणी काढीत नाही.