गभदारापाशी

आज लेण्याद्रीला जायचं नाही. तिथे पायऱ्या आहेत, तिकीट आहे, गिरिजात्मजाच्या दर्शनाची रांग आहे. जुन्नरला लागूनच मानमोडीचा डोंगर आहे, तिकडे वळू. भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे लेण्यांचे तीन गट त्याच्या अंगावर आहेत. पायवाट गवतात हरवते, पुन्हा सापडते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर खोदकामं आहेत. तुम्ही आज एकच पाहायचं.

पायथ्याशी चहा घ्या. टपरीवाल्याला सांगा, मानमोडीवर चाललोय, सांजेच्या आत उतरतो. मग चढा. धाप लागली की थांबा, ती बसू द्या. थांबलात की वर कड्याकडे बघा. काळं, परातीएवढं काही लटकतंय? आग्या मोहोळ आहे. बिडी नको, उदबत्ती नको, अंगाला अत्तर तर घरूनच नको. पोळं अस्वस्थ वाटलं तर मुकाट्याने मागे फिरा. मी दोनदा फिरलोय आणि दोन्ही वेळा घरी येऊन पिठलं-भात खाल्लाय.

भूतलिंगाच्या चैत्यासमोर पोचलात की बसा. बघायला उभं राहिलं की पाय पुढे ओढतात, म्हणून बसाच. वर कमानीच्या अर्धगोलात लक्ष्मी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना हत्ती. हा दर्शनी भाग चंद नावाच्या एका यवनाचं, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीकाचं, दान आहे, असं तिथेच ब्राह्मीत कोरलंय. दान कशाचं? लेखातला शब्द आहे 'गभदार'. तो मनातल्या मनात दोनदा म्हणा, सावकाश. गाभा. दार. प्राकृत न शिकताही कळला ना? माझ्याकडे पुरातत्त्वाची पदवी नाही, याची खंत मला या शब्दापाशी पहिल्यांदा वाटेनाशी झाली.

आता उंबऱ्याशी या, पण आत घुसू नका. टॉर्च खिशात राहू दे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि उजेडाचा एक झोत ती सगळी मिनिटं वाया घालवतो. आधी काहीच दिसणार नाही. नाकाला ओली माती कळेल, कदाचित वटवाघळांचा उग्र वासही. कानाला कुठलं तरी ठिबकणं ऐकू येईल. दोन थेंबांमधलं अंतर मोजा. मोजता मोजता छत कधी दिसू लागलं ते कळणार नाही. छताला वटवाघळं टांगलेली असतील, तर ते त्यांचं घर आहे. तिथूनच परत फिरायचं.

नसतील, तर पुढचं बघा. दाराशी एवढा थाट आणि आत काम अर्धवट. अशी लेणी बघून लोक हळहळतात. मला तीच जास्त आवडतात. पुऱ्या झालेल्या लेण्यात भिंत गुळगुळीत केलेली असते, हात पुसून टाकलेला असतो. इथे टाकीचे घाव तसेच आहेत. त्यातला एक निवडा, बोट न लावता, नजरेनेच. तिरका आहे का? कुठून कुठे गेलाय? पुढचा घाव त्याच्याशी समांतर आहे की मध्येच तिरपा झालाय? पाथरवट आधी छत काढत आणि मग खाली खाली येत. पायाखालचा न फोडलेला कातळ हीच त्यांची परांची. म्हणजे जो घाव आज तुमच्या डोक्यावर आहे, तो मारणारा तेव्हा तिथे वर उभा होता किंवा बसला होता, आणि तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथे भरीव दगड होता. यावर थोडा वेळ थांबा. श्वास चार-पाच वेळा येऊ-जाऊ द्या.

यवनाचं नाव दारावर आहे. याचं कुठेच नाही.

भीमाशंकर गटात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे: वर्ष 46, दान एका पोढीचं आणि मंडपाचं. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. तिथवर गेलात तर पाण्यात खडा टाकून खोली अजमावू नका. आवाज गमतीचा येतो, कबूल. पण खडे साचतच जातात.

भिंतीवर कोणी खडूने आपलं आणि तिचं नाव लिहिलेलं दिसेल. राग येईल. येऊ द्या, पण पुसायला धावू नका. घासताना जुन्या दगडाचा पापुद्रा सुटतो. फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला कळवा.

बाहेर येताना उजेड टोचेल, म्हणून डोळे अर्धे मिटून दाराशी बसा. उतरताना घसरगुंडी होते, मुरूम पायाखालून सरकतो, तेव्हा चढताना लागला त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवा. आणि खाली आलात की त्या टपरीवर जाऊन 'आलो' म्हणून सांगायला विसरू नका. नाहीतर अंधार पडल्यावर तो माणूस बॅटरी घेऊन तुम्हाला शोधायला निघेल.