शंकासमाधान : डोंगरवाट, रविवार आणि मागे राहिलेले

शंका : आम्ही तरुण संघातले काही जण दर रविवारी पहाटे पन्हाळ्याकडे ट्रेल रनला जातो. मसाई पठारावरून घरी यायला दहा वाजतात आणि उपासना बुडते. आई म्हणते, देवाचा दिवस मोडता. आम्ही म्हणतो, देवाच्या निर्मितीतच तर असतो. कोणाचं खरं?
— एक तरुण वाचक, कोल्हापूर

समाधान : आईचं. पठारावर देव भेटतो याबद्दल वाद नाही. धुकं उतरलंय, ओल्या जांभ्यावर पाय जपून पडतोय, अशा सकाळी स्तुती सुचली नाही तरच नवल. पण तिथे तुमच्याबरोबर असतात ते तुमच्याच वयाचे, तुमच्याच दमाचे मित्र. गुडघ्यांमुळे जिला चर्चची पायरीसुद्धा घाटासारखी वाटते, त्या आजीची आणि तुमची गाठ आठवड्यात दुसरीकडे कुठे पडते? उपासना चुकली की ती भेटही चुकते, आणि त्याची भरपाई सृष्टिसौंदर्याने होत नाही.

धावपटू एरिक लिडेलचं नाव या वादात दोन्ही बाजूंनी घेतलं जातं, म्हणून त्याची गोष्ट पुरती सांगतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो त्या शर्यतीत उतरला नाही. चारशे मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या छावणीत डांबलं. तिथल्या मुलांचे खेळ तोच घ्यायचा, रविवार वगळून. एका रविवारी मुलांनी आपणच हॉकी मांडली, पंच कोणी नव्हता, शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. 21 फेब्रुवारी 1945 रोजी त्याच छावणीत तो वारला. ऑलिंपिकच्या पदकासाठी जो नियम त्याने वाकवला नाही, तो भांडणाऱ्या पोरांसाठी वाकवला. तुमचा रविवार कोणासाठी वाकतोय, ते तुम्हीच बघा.

मसाईला शनिवारी जा. रविवारी पाय शिवशिवलेच तर रंकाळा आहे, फेऱ्या मारून उपासनेच्या आधी अंघोळही उरकते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारखी शर्यत वर्षातून एखाद्या रविवारी आली, तर पाळकांना सांगून खुशाल जा. त्यावरून कोणी तोंड वाकडं केलं तर तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

शंका : पौल म्हणतो, शर्यतीत बक्षीस एकालाच मिळतं, तसे धावा. मग मंडळीत जे मागे पडतात त्यांचं काय? पुढच्याने त्यांच्यासाठी थांबायचं का? आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये यावरून चांगलंच वाजलं.
— एक वाचक, गडहिंग्लज

समाधान : पौल हे करिंथकरांना लिहितो, आणि करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. तिथली मुख्य दौड दोनशे मीटरच्या आतली, सपाट मैदानावरची, सरळ रेषेतली. वाचकांना ठाऊक असलेला दाखला त्याने घेतला, तो निष्ठा आणि संयम शिकवण्यापुरता. शेजाऱ्याला हरवायला त्याने कुठेच सांगितलेलं नाही. त्याचं स्वतःचं आयुष्य मैदानापेक्षा डोंगरवाटेवरच जास्त गेलं. नद्यांची भीती, लुटारूंची भीती, उपास, थंडी ही यादी त्यानेच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दिली आहे.

इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय काढा. धावण्याबद्दलचं पहिलं वचन आपण तरुणांच्या शिबिरात फलकावर रंगवतो आणि तिथेच थांबतो. तेराव्या वचनापर्यंत वाचत जा. ज्यांच्या हातापायांतलं बळ गेलंय त्यांना सावरा, वाट नीट करा, म्हणजे लंगडणाऱ्याचा पाय आणखी मुरगळणार नाही, असा तिथला आशय आहे. शर्यतीने सुरू झालेला विषय लंगडणाऱ्यापाशी येतो. मला तर हे कोणीतरी खडकाळ उतारावरून मागे वळून बघत लिहिल्यासारखं वाटतं.

ट्रेलच्या शर्यतीत स्वीपर असतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो सगळ्यांच्या मागे धावतो, शेवटच्या माणसाला ओलांडत नाही, वाटेवरच्या खुणेच्या रिबिनी काढत येतो. या कामाला कच्चा गडी देत नाहीत. इस्राएल लोक रानातून चालत तेव्हा पिछाडीला दान वंश असे, आणि अमालेकी लोकांनी घाला घातला तो थकून मागे रेंगाळलेल्यांवरच. दावीदाच्या सहाशे माणसांतली दोनशे बसोर ओढ्यापाशी थकून बसली. चारशे पुढे जाऊन जिंकून आले, आणि त्यांतले काही म्हणू लागले की यांना लुटीतला वाटा नको. दावीदाने सामानापाशी राहिलेल्यांनाही सारखाच वाटा दिला आणि तोच पुढे इस्राएलाचा नियम झाला.

आता आपल्या मंडळ्यांकडे बघा. दमदार माणूस दिसला की त्याला आपण पंचकमिटीत घेतो, नाताळच्या कार्यक्रमाला पुढे उभा करतो. पिछाडीला कोण आहे? नोकरी गेल्यापासून जो यायचा थांबला, नवरा वारल्यावर जी मागच्या बाकावर सरकली आणि मग दिसेनाशी झाली, त्यांच्या घरी जाण्याचं काम ठरवून कोणाला दिलंय का? बहुतेक ठिकाणी ते एकट्या पाळकावर असतं. चांगला गडी त्या कामाला लावा, आणि कमिटीतून मोकळा करून लावा.

तुमच्या वादाला एक दुसरी बाजूही आहे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांचा भार उचलायला सांगितलंय, आणि तीनच वचनांपुढे ज्याने त्याने आपलं ओझं वाहायलाही सांगितलंय. धावणाऱ्याला यात विरोध दिसू नये. पाणी, जाकीट, शिट्टी ज्याची त्याच्या पाठीवर. घोटा मुरगळला की मात्र आपली वेळ विसरून त्याला खांदा द्यायचा. आल्प्समधल्या यूटीएमबी या नामांकित शर्यतीत संकटातल्या स्पर्धकाला मदत करणं नियमानेच बंधनकारक आहे. मात्र दर वेळी पाण्याशिवाय येणाऱ्याला एकदा स्पष्ट बोलायला हरकत नाही.

शंका : धावताना केलेली प्रार्थना चालते का?
— एक भगिनी, इचलकरंजी

समाधान : चालते. चढावर ती आपोआप आखूड होते, हा फायदाच. उतारावर डोळे उघडे ठेवा.

शंका : पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत जायची इच्छा आहे. सुरुवातीला पूजा असते, वाटेत ‘हर हर महादेव’चा गजर होतो. ख्रिस्ती माणसाने जावं का?
— एक वाचक, कोल्हापूर

समाधान : जावं. मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात 1852 साली आले, पण इथल्या ख्रिस्ती माणसाचे पूर्वज त्याआधीही याच मातीतले होते. जुलै 1660 ची ती रात्र त्याचीही आहे. शिवा काशीद शिवाजी महाराजांच्या वेषात पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरच्या हाती गेला, बाजीप्रभू मूठभर मावळ्यांनिशी खिंडीत मागे थांबले, म्हणून महाराज विशाळगडावर पोचले. इतरांसाठी मागे थांबून जीव देणं कशाला म्हणतात, हे ख्रिस्ती माणसाला समजावून सांगायला नको.

पूजेच्या वेळी बाजूला शांत उभे राहा. आदर दाखवणं आणि आराधना करणं यांतली रेघ तुमच्या विवेकाला कळते, ती ओलांडू नका आणि त्यावर तिथे प्रवचनही देऊ नका. आयोजकांना आदल्या दिवशी दोन शब्दांत सांगितलंत तर कोणी वाईट वाटून घेणार नाही. जो गजर ओठावर येत नाही तो करू नका, छत्रपतींचा जयजयकार मात्र पोटातून करा. तुमच्याबरोबर नुकताच विश्वासात आलेला कोणी असेल आणि त्याच्या मनात यावरून घालमेल होत असेल, तर निघण्याआधी त्याच्याशी बोला. तरीही त्याचं मन घेत नसेल तर या वर्षी दोघंही राहू द्या. मूर्तीच्या प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांना हाच सल्ला दिला होता.

जाणार असाल तर जळवांसाठी मीठ घ्या, आणि नव्या बुटांनी जाऊ नका.