सराव कुणावर?

सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्याचा कोड थेट ग्राहकापर्यंत जात नाही. आधी टेस्टिंग होतं, चुका तिथेच सापडतात. बी.एड. करणाऱ्यांना ही सोय फार थोडी आहे. सूक्ष्म अध्यापनात ते एकमेकांना शिकवून पाहतात. त्यानंतर समोर खरी मुलं असतात. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यातले किमान २० आठवडे शाळेत काढायचे असतात. मुलाला मात्र एखादी कविता पहिल्यांदा एकदाच भेटते. ती कुणाच्या तरी सरावाच्या तासाला भेटली, तर ते त्याच्यावर अन्यायाचं नाही का?

हा प्रश्न मला मामेबहिणीमुळे पडला. आम्ही उल्हासनगर कॅम्प २चे. फाळणीत घरं गमावलेल्या सिंधी माणसांनी छावणीतून उभं केलेलं हे शहर. तिने सरावपाठासाठी कुसुमाग्रजांची ‘कणा’ घेतली. पुरात संसार वाहून गेलेला माजी विद्यार्थी सरांकडे येतो, पण त्याला पैसे नको असतात. पाठ टाचणात तिने अपेक्षित उत्तर लिहिलं होतं: स्वाभिमान. वालधुनीच्या काठी राहणारा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा पैसेच लागले होते.” मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले. “हो, पण कवीला काय म्हणायचंय?” असं विचारून तिने तास पुढे नेला. शेरा चांगला मिळाला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीत तिने त्या मुलाचाच प्रश्न वर्गाला विचारला. मुलं तावातावाने बोलली. मागायला लाज वाटते, असं कुणी म्हणालं. सरांनी आग्रह करायला हवा होता, असं कुणी. टाचण अर्धंच राहिलं.

ती शिकली, यात शंका नाही. पण किंमत पहिल्या तुकडीतल्या मुलाने दिली आणि फायदा दुसऱ्या तुकडीला झाला. ‘पुढे ती चांगली शिक्षिका होईल’ हे त्या मुलासाठी उत्तर होत नाही. कोडमधली चूक पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त होते. मूल तोवर पुढच्या वर्गात गेलेलं असतं.

मला वाटतं, असा सराव एकाच अटीवर योग्य ठरतो: ज्याच्याकडून शिकलो, त्याच्याकडे परत जायचं. साहित्य शिकवताना हे जमण्यासारखं आहे, कारण कविता एका तासात संपत नाही. पहिल्या तुकडीवर तिचे दोन तास अजून बाकी आहेत. त्यांतली दहा मिनिटं त्या मुलाची आहेत, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “टाचणात काय लिहू?”

त्याचा प्रश्न लिही, म्हटलं. अपेक्षित उत्तराची जागा कोरी ठेव.