चित्र वाचण्याची घाई

मुलाने घर काळ्या रंगाने रंगवलं की मोठी माणसं सावध होतात. आई बाबांपेक्षा लहान का काढली, माणसाला हातच का नाहीत, असे प्रश्न सुरू होतात. हल्ली अनेक शाळांत समुपदेशक आले, आर्ट थेरपीच्या कार्यशाळा होऊ लागल्या, हे चांगलंच झालं. पण त्यासोबत एक समजही पसरला आहे: चित्र म्हणजे मुलाच्या मनाचा एक्स-रे आणि थेरपिस्ट म्हणजे तो वाचणारा तज्ज्ञ. हा समज मला घातक वाटतो. काळा खडू कधीकधी एवढ्याचसाठी वापरला जातो की पेटीत तोच अख्खा उरलेला असतो. चित्र काढता काढता मूल सावरतं, कारण कागदावर काय घडायचं हे तेवढ्या तासापुरतं त्याच्या हातात असतं. त्याचा अर्थ आपल्याला लागला की नाही, ही फार पुढची गोष्ट.

या उपचारपद्धतीच्या एका मुळाशी गेलं की हे स्पष्ट दिसतं. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस या १८९८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या चित्रकार. वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत त्या योहानेस इटेन यांच्याकडे शिकल्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना पतीसह तेरेझिनच्या घेटोत धाडलं. सोबत मोजकंच सामान नेता येत होतं. त्यात त्यांनी मुलांसाठी चित्रकलेचं साहित्य भरलं. आईबापांपासून वेगळी ठेवलेली मुलं तिथल्या वसतिगृहांत राहत, तिथे त्या वर्ग घेऊ लागल्या. आधी लयीचे सराव होत: हात मोकळा सोडायचा, ठेक्यावर रेघा ओढायच्या. मग कधी समोरची वस्तू, कधी जुन्या चित्रकारांच्या चित्रांचा अभ्यास, कधी कोलाज. कोरा कागद मिळणं मुश्कील, म्हणून कचेऱ्यांतले वापरलेले फॉर्म फाडून, कापून चिकटवायचे. त्या कोलाजांत छापील ओळी आणि रकाने आजही जसेच्या तसे वाचता येतात. या चित्रांत छावणीतल्या एकावर एक रचलेल्या झोपायच्या फळ्या आहेत, तशीच फुलं, फुलपाखरं आणि सोडून आलेली घरंही आहेत. चित्रावर स्वतःचं नाव घालायचंच, असा फ्रिडल यांचा आग्रह असे. जिथे माणसाची नोंद रवानगीच्या यादीतला एक क्रमांक म्हणून होत होती, तिथे दहा-बारा वर्षांचं मूल कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहीत होतं. उपचार म्हणायचा तर मी त्या कोपऱ्यालाच म्हणेन.

१९४३ मध्ये त्यांनी घेटोतच मुलांच्या चित्रांविषयी व्याख्यान दिलं. मुलांना आपल्यासारखं करून टाकण्याची मोठ्यांना एवढी घाई का, असा त्यांचा सवाल होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आलं. मागे राहिलेल्या दोन सुटकेसमधली सुमारे साडेचार हजार चित्रं युद्धानंतर प्रागला पोहोचली. ती काढणारी बहुसंख्य मुलं मारली गेली होती.

फ्रिडल यांची विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर १९३८ मध्ये अमेरिकेत गेली आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत वर्तनाच्या गंभीर अडचणी असलेल्या मुलग्यांसोबत काम करू लागली. या कामातूनच क्रेमर यांची मांडणी उभी राहिली: निर्मितीची क्रियाच बरं करते. थेरपिस्टने मुलाचा ‘तिसरा हात’ व्हावं, असं त्या म्हणत. मातीचा घोडा पायांतून खचायला लागला तर आधार कुठे द्यायचा ते दाखवावं, रंग फार पातळ झाला तर दाट करून द्यावा, पण घोड्याचा बैल करू नये. दुसरं घराणं मार्गारेट नाउमबर्ग यांचं. त्यांच्या दृष्टीने चित्र ही नेणिवेची बोली. अर्थात, अर्थ शेवटी रुग्णाच्याच तोंडून यावा हे त्याही सांगत. आपल्याकडे मात्र नाउमबर्ग यांचं निम्मंच पोहोचलेलं दिसतं: अर्थ लावायचा, आणि तोही आपण.

आपल्याकडच्या मुलाची अडचण त्याही आधी सुरू होते. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, झोपडी, नदी, नारळाचं झाड. कोकणातलं असो की विदर्भातलं, मूल हेच काढतं, कारण हेच काढल्यावर शाबासकी मिळते. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या ग्रेड येतात, दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब येतो. या परीक्षांना माझा विरोध नाही. पण ज्या हाताला आठ वर्षं ‘रेषेबाहेर जाऊ नकोस’ ऐकवलं, त्याच्याकडून चौदाव्या वर्षी एका दुपारच्या कार्यशाळेत मनमोकळं चित्र मागणं हा अन्याय आहे. तो मुलगा ‘मला जमत नाही’ म्हणतो आणि हात खिशात घालतो. अशा वयात नाटक, ताल, नाच बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतात, कारण पात्राआडून बोलता येतं. वॉर्साच्या घेटोत यानुश कोर्चाक यांनी १८ जुलै १९४२ रोजी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांकडून रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ करवून घेतलं. खिडकीत बसून मरणाकडे निघालेल्या मुलाचं हे नाटक. काही आठवड्यांतच कोर्चाक आणि ती मुलं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली गेली.

म्हणजे कलेने त्यांना वाचवलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘कलेची किमया’ अशा भाषेची मला भीती वाटते. तेरेझिनमध्ये मुलांनी ‘ब्रुंडिबार’ हा ऑपेरा पन्नासहून अधिक वेळा केला. रंगमंचावरच्या त्या वेळाने मुलांना बळ दिलं. पण जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचे पाहुणे आले तेव्हा नाझींनी तोच ऑपेरा त्यांच्यापुढे सादर करवला, इथे सगळं उत्तम आहे हे पटवण्यासाठी. मुलांची कला मोठ्यांची सफाई देण्यासाठी वापरता येते. वर्गातला छळ, मारहाण करणारा शिक्षक, बारा तासांचा क्लास तसाच ठेवून शाळेने रंगांचा एक तास सुरू केला, तर तो तास कोणासाठी आहे हे विचारायला हवं. संशोधनही भाबडी आशा ठेवू देत नाही. नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संगीतोपचाराने पाच महिन्यांत लक्षणांची तीव्रता कमी झाली नाही. म्हणून संगीत काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही. मात्र त्या मुलाच्या आईला औषधाची खात्री दिल्यासारखं काही सांगू नये.

शाळांकडे माझी मागणी साधी आहे. प्रशिक्षित माणूस, आठवड्यातला ठरलेला तास, आणि चित्रं ठेवायला कुलूप असलेलं कपाट. पालकसभेत चित्र लावायचं तर मुलाला विचारून. ते नको म्हणालं तर नाही. चित्रावरून निदान नको, सुगावा काढण्यासाठी उलटतपासणी नको. पण रंग कालवता कालवता मूल आपणहून लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर तिथे गुप्ततेचं वचन चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे पहिल्याच तासाला, त्याला समजेल अशा शब्दांत, मुलाला सांगून ठेवायला हवं.