ही चार नावं कुठून आणलीस?

बस. लेख तुझ्यासमोर ठेवते. लाल शाई कुठे कुठे आहे ते बघ, आणि मी बोलत असताना मोबाइल खिशात राहू दे.

मथळा दिलायस 'पुरस्काराचा शाप'. पहिल्याच परिच्छेदात निकाल देऊन मोकळा झालास: अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला की एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, तो फ्लॉप होणार हे ठरलेलंच. पुरावा म्हणून चार माणसं. जिमर फ्रेडेट, अ‍ॅडम मॉरिसन, जे विल्यम्स, एड ओबॅनन. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा वुडन पुरस्कार 1977 पासून दिला जातो, नेस्मिथ त्याही आधी, 1969 पासून. एवढ्या वर्षांतून चार! शितावरून भाताची परीक्षा होते हे मलाही माहीत आहे. पण तू कच्ची राहिलेली चार शितं वेचून काढलीस आणि अख्खं पातेलं कच्चं म्हणून गावभर सांगत सुटलास. त्याच पातेल्यात लॅरी बर्ड आहे, मायकेल जॉर्डन आहे, टिम डंकन आहे, केव्हिन ड्युरँट आहे. ही नावं तुला ठाऊक नव्हती असं म्हणू नकोस, वर्गात तूच त्यांच्याबद्दल तासन्‌तास बोलतोस. ठाऊक होती आणि वगळलीस, कारण ती मथळ्यात बसत नव्हती. चूक मी एक वेळ खपवून घेईन. ही लबाडी खपवून घेणार नाही.

आणि चारांतलं एक नाव मुळात चुकीचं आहे. 2006चं वुडन पारितोषिक मॉरिसनला मिळालं असं छातीठोकपणे लिहिलंयस. ते मिळालं ड्यूक विद्यापीठाच्या जे. जे. रेडिकला. नेस्मिथही त्यालाच. मॉरिसनला त्या वर्षीचे काही सन्मान रेडिकबरोबर विभागून मिळाले. ही बारीकसारीक चूक नाही, कारण हाच धागा तू ओढला असतास तर तुझा सगळा लेख उसवला असता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, मॉरिसन तिसरा गेला आणि रेडिक अकरावा. रेडिकचं पुढे काय झालं ते तू शोधलंस का? पहिली दोन वर्षं ऑर्लँडोने त्याला बाकावर बसवून ठेवलं. दुसऱ्या मोसमातल्या 82 सामन्यांपैकी निम्म्या सामन्यांतही त्याला मैदानात उतरवलं नाही. तेव्हा कुणी लेख लिहिला असता तर तुझ्यासारखाच लिहिला असता. तो माणूस 15 मोसम खेळला आणि 2024 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. तुझा शाप त्याला कसा लागला नाही?

आता नीट ऐक, कारण मुद्दा इथे आहे आणि तो तुझ्या लेखात कुठेच नाही. पुरस्कार आणि ड्राफ्ट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पुरस्कार देणारे विचारतात, या मोसमात सगळ्यांत चांगलं कोण खेळलं? ड्राफ्टमध्ये संघ विचारतात, पुढच्या आठ-दहा वर्षांत हा कुठवर जाईल? एक मागचा हिशेब, दुसरा पुढची उधारी. म्हणून मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आले, खेळाडूचं वय लिही. तुझ्या पंधराशे शब्दांत वय एकदाही आलेलं नाही.

वही काढ आणि 2012 ते 2025 एवढीच वर्षं घे. चौदा वुडन पुरस्कार, तेरा खेळाडू, कारण झॅक ईडीला दोनदा मिळाला. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले तिघेच: अँथनी डेव्हिस, झायन विल्यमसन, कूपर फ्लॅग. तिघंही कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला होते. त्याआधी 2007 मध्ये पहिल्याच वर्षी पुरस्कार घेणारा ड्युरँट, तो दुसरा गेला. आता चौथ्या वर्षी पुरस्कार घेतलेले बघ. डग मॅकडरमॉट अकरावा, फ्रँक कमिन्स्की नववा, बडी हील्ड सहावा, फ्रँक मेसन चौतिसावा, लुका गार्झा बावन्नावा. ईडी सात फूट चार इंचांचा, सलग दोन वर्षं सर्वोत्तम, 1983 नंतर असं कुणाला जमलं नव्हतं, आणि तरी तो नववाच. केंटकीच्या ऑस्कर त्शिब्वेला 2022 मध्ये पुरस्कार मिळाला, तो आणखी एक वर्ष कॉलेजात थांबला, आणि 2023च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. यात शाप कुठे आला? बावीस-तेवीस वर्षांचा गडी अठरा-एकोणिसाच्या पोरांवर भारी पडतो यात एनबीएला नवल वाटत नाही. एकोणीस वर्षांचं पोर बावीसवाल्यांवर भारी पडलं की संघमालक तिजोरी उघडतात. हे तुला दिसायला हवं होतं. आकडे समोर होते, ओळ लावायचे कष्ट तू घेतले नाहीस.

शिवाय पुरस्काराच्या शर्यतीत सगळे असतातच कुठे? लेब्रॉन जेम्स आणि कोबी ब्रायंट शाळेतून थेट एनबीएत गेले, तो रस्ता 2006 पासून बंद झाला. निकोला योकिच, लुका डॉन्चिच यांनी अमेरिकन कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. 'सर्वोत्तम कॉलेज खेळाडू एनबीएत सर्वोत्तम का ठरत नाही' असा प्रश्न टाकतोस, तर त्याचं अर्धं उत्तर एवढ्यातच आहे.

आता फ्रेडेट. याच्यावर तू सगळ्यांत जास्त तोंडसुख घेतलंयस म्हणून मीही जरा थांबते. ग्लेन्स फॉल्स नावाच्या लहान गावातला मुलगा. थोरला भाऊ त्याला तुरुंगात घेऊन जायचा, तिथल्या कैद्यांशी खेळायला, कारण हुर्यो उडवणाऱ्या गर्दीत खेळायची सवय तिथे लागते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून 2010-11 मध्ये सामन्यामागे 28.9 गुण, देशात सर्वाधिक. ड्राफ्टमध्ये दहावा. मिलवॉकीने निवडला आणि त्याच दिवशी सॅक्रामेंटोकडे देऊन टाकला. त्याच्या मागे अकरावा क्ले थॉम्पसन, पंधरावा कवाय लेनर्ड. इथवर तू लिहिलंयस आणि खाली तुझी ती ओळ: 'संघांचे डोळे कुठे गेले होते?'

पण पुढचं तू पाहिलंच नाहीस. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादात मोसमच डिसेंबरअखेर सुरू झाला. नव्या खेळाडूंना ना उन्हाळी सामने मिळाले, ना धड सराव. सात सामने झाले आणि सॅक्रामेंटोने प्रशिक्षक बदलला. कॉलेजात चेंडू सतत फ्रेडेटच्या हातात असायचा, इथे त्याला कोपऱ्यात उभं राहून चेंडूची वाट बघायची होती. बचावात त्याचे पाय कमी पडत होते, तेही खरंच, ते लपवायला मी सांगत नाही. आणि त्याच संघात, त्याच ड्राफ्टमधला साठावा, म्हणजे अगदी शेवटचा, पावणेसहा फुटांचा आयझेया थॉमस आला आणि त्याने जागा पटकावली. एकाच संघातला दहावा आणि साठावा. या दोघांना शेजारीशेजारी ठेवून लिहिलं असतंस तर मी तुला पैकीच्या पैकी गुण दिले असते. फ्रेडेट पुढे शांघायला गेला, तिथे एका सामन्यात 73 गुण केले, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पस्तिशीत तो तीन विरुद्ध तीनच्या अमेरिकन संघातून पॅरिस ऑलिम्पिकला गेला आणि तिथे पायाला दुखापत होऊन बाहेर बसला. इतक्या लांब चाललेल्या माणसाला तू एका इंग्रजी शब्दात संपवलंस.

विल्यम्सबद्दल तर मला तुझी लाज वाटली. शिकागोने 2002 मध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. एक मोसम खेळला आणि पुढच्या जूनमध्ये मोटारसायकल खांबावर आदळली. पायाची नस तुटली, गुडघा निखळला, ओटीपोटाचं हाड मोडलं. मोटारसायकल चालवायची नाही असं करारात होतं, त्याने ते मोडलं, ती त्याची चूक. पण अपघाताला 'कॉलेजचा तारा एनबीएत चमकला नाही' म्हणून मोजायचं? मॉरिसनचंही तेच. आठवीपासून मधुमेह, सामना चालू असताना बाकावर बसून इन्सुलिन टोचून घेणारा मुलगा. दुसऱ्या मोसमाच्या तोंडावर गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि ते वर्षच बुडालं. तू त्याला 'रडवा' म्हटलंयस, 2006 मध्ये यूसीएलए विद्यापीठाशी हातातला सामना गेल्यावर तो मैदानात आडवा पडून रडला म्हणून. त्याला उठवायला कोण आलं होतं ते सांगू? जिंकलेल्या यूसीएलएचे खेळाडू. आनंद बाजूला ठेवून आले. त्यांना कळलं ते खुर्चीत बसून लिहिणाऱ्या तुला कळू नये?

एक गोष्ट तुला कामाची म्हणून सांगते. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्याच्या कराराची पहिली दोन वर्षं पक्की असतात, त्यामुळे संघ त्याला चुका करायला वेळ देतो. दुसऱ्या फेरीतल्याला असं काही नसतं, पहिल्या दिवसापासून जागा कमवावी लागते. आता जेलन ब्रन्सन बघ. व्हिलानोव्हाला दोन राष्ट्रीय विजेतेपदं, 2018चा वुडन, आणि ड्राफ्टमध्ये तेहतिसावा, म्हणजे दुसऱ्या फेरीत. सहा फूट दोन इंच, ना उंच ना फारसा वेगवान, म्हणून. डॅलसकडून सुरुवात केली, 2022 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि 2024-25चा अटीतटीच्या वेळचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे नाव तुझ्या लेखात नाही. मी तीनदा वाचला.

राहिला ओबॅनन. '1995चा हिरो, नंतर गाड्या विकायला लागला' असं लिहून तू पुढे गेलास. गाड्या विकणं तुला कमीपणाचं वाटतं? यूसीएलएकडून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 30 गुण आणि 17 रिबाउंड, नववा निवडला गेला, दोन मोसमांत एनबीए संपली, मग परदेशात खेळला, मग लास वेगासजवळ गाड्यांच्या दुकानात नोकरी. एकदा मित्राच्या घरी गेला, तर मित्राचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता. पडद्यावर यूसीएलएचा डावखुरा, टक्कल केलेला, 31 नंबरचा खेळाडू. तो स्वतःच! कंपनी विकत होती, कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएला वाटा जात होता, आणि ज्याचा चेहरा त्याला दमडी नाही. 2009 मध्ये तो न्यायालयात गेला. 2014 मध्ये निकाल लागला की खेळाडूंना वाटा नाकारणारा एनसीएएचा नियम कायद्याला धरून नाही. वरच्या न्यायालयात त्यातलं काही टिकलं, काही नाही, पण 2021 पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर उघडपणे पैसे मिळवतात, त्या वाटेवरचा पहिला मोठा दगड यानेच हलवला. फ्लॅगपर्यंतच्या प्रत्येक नव्या पुरस्कारविजेत्याच्या खिशाशी या माणसाचा संबंध आहे, आणि तू त्याला अर्ध्या वाक्यात उडवलंस.

लेख परत घे. मथळा जाईल, चार नावांचा परिच्छेद जाईल, 'रडवा' जाईल. 'फ्लॉप' सात ठिकाणी आहे, सातही ठिकाणी तिथे खरं काय झालं ते लिही. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पुरस्काराचं वर्ष, तेव्हाचं वय आणि ड्राफ्टमधला क्रमांक हवा. सोमवारी सकाळी दहाला माझ्या टेबलावर. आणि ओबॅननचं आडनाव नीट लिही, तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंयस.