नास्तिक म्हणजे नेमका कोण?



गेल्या रविवारी मिस्सानंतर एक आई भेटली. म्हणाली, "फादर, आमचा मुलगा आता मिस्साला येत नाही. मी नास्तिक आहे म्हणतो." मी विचारले, "म्हणजे नेमके काय, ते त्याला विचारलेत का?" तिने विचारले नव्हते.

शब्द एक, अर्थ अनेक. भारतीय दर्शनांत नास्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारा. म्हणून ईश्वराला निर्माता न मानणारे सांख्य आस्तिक ठरले, तर जैन व बौद्ध नास्तिक. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांनाच नास्तिक म्हणत, कारण ते रोमच्या देवांना भजत नसत. दुसऱ्या शतकात संत जस्टिन यांनी हे मान्यही केले: त्या देवांबाबत आम्ही नास्तिकच, खऱ्या देवाबाबत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हे भेद ओळखले. कोणी देव नाहीच म्हणतो. कोणी म्हणतो, कळायला मार्ग नाही. कोणी जगातले दुःख पाहून पाठ फिरवतो. कोणी जो देव नाकारतो, तो शुभवर्तमानातला देव नसतोच. आणि या नकाराला आपण श्रद्धावंतही काही अंशी जबाबदार असतो, असे परिषद सांगते.

जवळचेच उदाहरण घ्या. २०१२ साली विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक जमले. विवेकवादी सनल इडामारुकू यांनी पाहणी करून सांगितले की, तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी भिंतीतून झिरपत आहे. त्यांनी टीव्हीवर ख्रिस्तसभेवर टीकाही केली. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत. पण पाणी कुठून येते, हे विचारणारा देवाचा शत्रू नव्हे. गटार साफ झाल्यावर जी श्रद्धा आटते, ती क्रुसावरच्या प्रभूवर होती का?

त्या आईला मी म्हटले, "आज जेवताना मुलाला विचारा, तू कोणता देव मानत नाहीस? मिस्सा चुकली म्हणून नापास करणारा देव तो नाकारत असेल, तर तो देव मीही मानत नाही. तो देव त्याला कोणी शिकवला, हे आपण आपल्यालाच विचारू. आणि विचार करून तो देव नाहीच म्हणत असेल, तर वाद घालू नका. त्याचे ऐका, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याचे ताट मात्र रोजच्यासारखेच वाढा."

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू